टाकीतलं औषध आणि मामींचं वजन

दर रविवारी सकाळी दस्तगीरमामा आपल्या मोटारसायकलला औषध पाजतात. ‘पाजतात’ हा शब्द मी विचार करून वापरतोय. टाकीचं झाकण उघडायचं, बाटलीच्या बुचात मापून औषध घ्यायचं, ‘बिस्मिल्ला’ म्हणून हळूच टाकीत सोडायचं, आणि मग हँडल धरून गाडी डावीउजवीकडे डोलवायची, म्हणजे ते अंगी लागतं. त्यानंतर पाच मिनिटं आमच्या बोळात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. कोल्हापुरात ही अट पाळणं किती अवघड आहे, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही.

मामा माझे शेजारी. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात जन्मभर टर्नर होते, आता निवृत्त झालेत. त्यांच्या गाडीनंही खरं तर निवृत्त व्हायला हवं होतं, पण तिला कुणी विचारलं नाही. पेट्रोलमध्ये मिसळायची जेवढी म्हणून औषधं बाजारात येतात, तेवढी मामांच्या खिडकीत रांगेनं उभी असतात. बाटल्यांवरची नावं मामा वाचत नाहीत, आपली देतात. तांबडी बाटली खोकल्याची, निळी ताकदीची. कागलच्या रस्त्यावर एका टपरीतून आणलेली, वाघाचं चित्र असलेली, ती पचनाची.

मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळे हे सगळं बघून माझं डोकं फिरायचं. कार्ब्युरेटरात घाण साचली असेल तर एखाद्या औषधानं थोडा फरक पडेल, पण ताकद वगैरे वाढत नाही, असं मी त्यांना शंभर वेळा सांगितलं. मामा शांतपणे ऐकायचे आणि म्हणायचे, “इंजनाला ऐकू येतंय, मास्तर. जरा हळू बोला की.”

औषध पाजलं की परीक्षा. त्यासाठी पन्हाळ्याचा घाट. गाडी टॉप गिअरला टाकायची आणि काही झालं तरी गिअर बदलायचा नाही. जिथं इंजिन धापा टाकायला लागेल तिथं थांबायचं, खिशातल्या चंचीतला चुना बोटावर घ्यायचा आणि कठड्यावर रेघ ओढायची. त्या घाटातल्या कठड्यावर इतक्या रेघा आहेत की नवख्या माणसाला तो सरकारी सर्व्हे वाटावा. कुठली रेघ कुठल्या बाटलीची, हे मामांना तोंडपाठ.

परीक्षेला दर वेळी सारखंच वजन पाहिजे, म्हणून मागच्या सीटवर जैनबमामी. मामींचं वजन हे मामांच्या शास्त्रातलं एकमेव पक्कं माप. मामी सकाळीच स्वयंपाक आवरून, भडंगाचा डबा पिशवीत घालून, “चला, वजन तयार हाय,” म्हणत पायरीवर उभ्या राहतात. एकदा त्या माहेरी कुरुंदवाडला गेल्या होत्या. मामांनी सीटवर तांदळाचं पोतं बांधलं, घाटात जाऊन आले आणि निकाल बाद केला. का, तर म्हणे, “पोत्याचं वजन मेलेलं असतंय. माणसाचं जितं असतंय.” मी त्यांना वस्तुमान समजावून सांगितलं. त्यांनी मला चहा दिला.

शेवटी मीच इरेला पेटलो. शनिवारी मामा मटण आणायला गेले तेव्हा खिडकीतली वाघाची बाटली घेतली, औषध माझ्याकडच्या जामच्या बरणीत ओतलं आणि बाटलीत साधं पेट्रोल भरून ती परत जागेवर ठेवली. या वयात असलं काही शोभत नाही, पण शास्त्रासाठी माणसानं एवढं करावं.

रविवारी त्याच बाटलीचा डोस झाला, डोलवणं झालं. बरणी डिकीत टाकून मी माझ्या स्कूटरवरून मागोमाग निघालो. आणि त्या दिवशी गाडी काय चढली! खोकल्याची रेघ गेली, ताकदीची गेली, दोन वळणं पार करून ती एकही रेघ नसलेल्या कोऱ्या कठड्यापाशी थांबली. वारा पाठीमागून होता, बाकी काही नाही. मी आनंदानं वेडा झालो होतो. औषधाशिवाय विक्रम! याहून स्वच्छ पुरावा मिळाला नसता.

मामी थोड्या लांब कठड्यावर बसून डबा सोडत होत्या. मी बरणी काढली आणि मामांच्या नाकासमोर धरून सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आता मामींसमोरच निकाल लावतो.

मामांनी एकदा मामींकडे पाहिलं आणि माझा बरणीचा हात धरून मला स्कूटरआड नेलं.

“पैल्या बाटलीलाच कळलंतं मला, असल्या औषधानं काय हुत न्हाय ते,” ते म्हणाले. “जन्म गेला की मशिनीत.”

“मग हे सगळं कशाला?”

“अम्मी होती तवा बायकूला फिराय न्यायची सोय न्हवती घरात. म्हनलं, औषध तपासायचंय, मागं वजन पायजे. त्याला कोन न्हाय म्हनतंय?” त्यांनी स्कूटरवरून मामींकडे नजर टाकली. “आता अम्मी न्हाय. पण आता हीच म्हनती, म्हातारपणी फिराय कशाला जायचं, लोक हसत्यात. वजन पायजे म्हनलं की मात्र लगेच चप्पल घालती. तिला सांगू नका, मास्तर. मग ती यायची न्हाय.”

माझी मला लाज वाटली. एवढी वर्षं मी इंजिनच बघत बसलो होतो.

“काय हो मास्तर,” मामींनी कठड्यावरून विचारलं, “कसं हाय मग वाघाचं औषध?”

मामांनी माझ्या हातावरची पकड सोडली नव्हती. बरणी पाठीमागे धरून, वर्गात कधी बोललो नाही इतकं खोटं मी एका दमात बोललो. म्हटलं, मामी, औषध एक नंबर आहे.

बरणी डिकीत टाकून आम्ही कठड्यापाशी गेलो, तशी मामींनी भडंगाची मूठ माझ्यापुढे केली.

“एका खेपेला काय कळतंय?” त्या म्हणाल्या. “फुडच्या रविवारी परत बघाय पायजे की.”

शास्त्राच्या दृष्टीनं यात काहीच चूक नव्हती. मी मामांकडून चुना मागून घेतला आणि त्या दिवशीची रेघ माझ्या हातानं ओढली.