भाडेकरूंचे मामा

"नळ गळायला लागलाय, पण काकूंच्या कानावर घालू नकोस हं!" जिन्यात नर्सबाई नवऱ्याशी कुजबुजत होती.

मी जिन्याखाली झाडू शोधत होते. ऊर भरून आला. किती जपतात हो मला!

वरच्या दोन खोल्या या जोडप्याला भाड्याने दिल्या, तेव्हाच मी घरात जाहीर केलं होतं, "दुरुस्तीला बाहेरचा माणूस या उंबऱ्यात दिसणार नाही!" चार व्हिडिओ पाहिले, पाना आणला. त्यांची कडी मी बसवली, बेसिन मी मोकळं केलं. एकही काम दुसऱ्यांदा करावं लागलं नाही! आमचे हे मात्र शाबासकी म्हणून देतील तर शपथ. मी पाना उचलला, की हे वर्तमानपत्र उचलत.

माणसं लाघवी. लेक परगावी गेल्यापासून घर खायला उठायचं. आता वर पावलं तरी वाजतात. आणि उद्या करार संपत होता!

नात्यालाही किती धरून! मी काही दुरुस्त केलं, की दुसऱ्या दिवशी नर्सबाईचे मामा हजर. हातात खणखणणारी जड पिशवी. "भाचीला खाऊ," म्हणायचे. एवढा खाऊ खाऊन पोर काडीसारखी ती काडीसारखीच!

तर, मी पाना घेऊन वर गेले.

"काकू, राहू द्या ना! मामा येतीलच आता."

"पाहुण्याला राबवतेस? सरक!"

नळाला एकच पीळ दिला. नळ माझ्या हातात, पाणी तिच्या नवऱ्याच्या तोंडात! पंखासुद्धा न्हाऊन निघाला.

तेवढ्यात मामा आले. पिशवीतून पाना काढला, पाण्याची मुख्य चावी बंद केली, नळ जागेवर. दीड मिनिट!

"अगंबाई! मामा, तुम्हाला नळकामही येतं?"

"वीस वर्षं तोच धंदा आहे, बाई," म्हणाले आणि जीभ चावली.

"म्हणजे ती कडी? ते बेसिन?"

मामांनी मान खाली घातली. आरडाओरडा ऐकून हे वर आले होते.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

हे भिंतीवरचं भिजलेलं कॅलेंडर वाचू लागले.

मी पाना खाली ठेवला. "मग उद्या घर सोडणार तुम्ही?"

नर्सबाईने माझ्या डोक्यावर टॉवेल टाकला. "छे हो, काकू! घर छान आहे. तुम्ही तर फारच छान आहात. फक्त..."

ती वर पंख्याकडे बघू लागली. तो अजून टपटपत होता.

"फक्त मला दुरुस्ती येत नाही!" शेवटी मीच म्हणाले.