धनी माझा डोलतो

‘पहाटंच्या पारी बाई, दगड जात्याचा फिरतो
जात्याच्या जोडीनं गं, धनी माझा डोलतो’

नव्या नवरीचा हा आवाज कचरूआबांच्या कानात पन्नास वर्षं लोणच्यासारखा मुरला होता. तेव्हा ते ओसरीत घोंगडीवर आडवे होते, आत रंगुबाई दळत होती आणि जात्याच्या घरघरीतून ही ओवी त्यांच्यापर्यंत आली. त्या सकाळपासून आबा पोळ्याच्या बैलासारखे डोलत चालू लागले. त्यांनी ती ओवी ऐकवली नाही असा माणूस कन्हेरी गावात उरला नव्हता. रंगुबाई मात्र तेवढ्यापुरती पदर तोंडाला लावून आत जायची.

पुढं गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओवी थांबली. मग आबांचा कानही जायला लागला. अशात इंदापूरला नातीचं, प्रियदर्शनीचं लग्न निघालं. हळद जात्यावर दळायची, पहिली ओवी आजीनं म्हणायची असं ठरलं. आबांनी मनाशी खूणगाठ बांधली. कान पुरता जाण्याआधी ती ओवी एकदा नीट ऐकायचीच!

नातीची आई करुणा इंदापूरला नर्स होती. तिनं बापाला बजावलं, आधी कान तपासा, मग यंत्र घ्या. आबा हसले.

“चप्पल घ्यायला कुनी डाक्टरकडं जातं व्हय? पायात घालायची अन् चालायचं.”

बारामतीतल्या एका रेडिओच्या दुकानातून ते तयार यंत्र घेऊन आले. खिशात डबी, डबीला वायर, वायरीच्या टोकाला कानात घालायचं बोंड.

त्या दिवशी कुठंतरी क्रिकेटची मॅच होती. इंदापूरच्या एसटीत मागच्या माणसानं वायर पाहिली आणि रेडिओची समजून विचारलं, “आबा, किती गेले?”

आबांना वाटलं, लग्नाला घरचे किती गेले ते विचारतोय.

“समदी गेली. आमी दोगंच ऱ्हायलो.”

गाडीत सुतकी कळा पसरली. कंडक्टरनं तिकिटाची पेटी मांडीवर ठेवून कपाळाला हात लावला.

लग्नघरी बाया जात्याभोवती बसल्या. रंगुबाईनं खुंटा धरला. आबा दाराआड येऊन बसले, यंत्राचं आवाजाचं चाक शेवटापर्यंत पिळलं आणि डोळे मिटले. ‘पहाटंच्या पारी बाई’ एवढं झालं आणि कानातल्या ढिल्या बोंडानं अशी शिट्टी घातली की मांडवातली कुत्री उठून बसली!

करुणाची जाऊ तानूबाई कडाडली, “बायकांत शिट्टी कोन मारतंय?”

दाराआड आबा सापडले. डोळे मिटलेले, मान डोलत होती. शिट्टी साऱ्या मांडवाला ऐकू आली, ती फक्त त्यांनाच आली नव्हती. “थांबलात का? म्हना की,” असं ते म्हणाले आणि बाया हसून जात्यावर पडल्या. ओवी राहिली ती राहिलीच. नवरदेवाकडची पोरं आबांना शिट्टीवाले आजोबा म्हणून पाया पडली.

लग्न उरकल्यावर करुणानं त्यांना धरून बारामतीला कानाच्या दवाखान्यात नेलं. तपासणाऱ्या बाईंनी कानावर हेडफोन चढवले, आवाज आला की बोट वर करा म्हणाल्या. आबांनी लगेच बोट वर केलं. मग पुन्हा केलं.

“आबा, मी अजून काही वाजवलेलंच नाही.”

बाईंनी कानातला मळ काढला, कानाचा साचा घेतला. काही दिवसांनी त्या मापाचं बोंड बसवून यंत्राचा आवाज बेताचा लावून दिला. मग समजावलं, “आवाज येतो तुम्हाला, अक्षरं गळतात. गळलेली तुम्ही मनानं भरता. आणि मनासारखी भरता.”

घरी येताच आबांनी जातं ओढलं, मूठभर जोंधळा टाकला. रंगुबाईनं विसरल्याचं सांगून पाहिलं, गुडघे दुखतात म्हणून पाहिलं. आबा हलेनात. शेवटी तिनं खुंटा धरला. दुसऱ्या ओळीला आबांची मान डोलायची थांबली.

“रंगू, काय म्हनलीस?”

रंगुबाईनं जातं थांबवलं.

“‘फिरतो’ला ‘डोलतो’ जुळतंय व्हय? ‘घोरतो’ हाय ते. ‘जात्याच्या जोडीनं गं, धनी माझा घोरतो.’ पयल्यापासनं तेच हाय.”

“मग पन्नास वर्सं बोलली का न्हाईस?”

तिनं पदर तोंडाला लावला, पण या वेळी आत गेली नाही.

“सांगनार हुते. पन तुमी डोलत चालाया लागला. अन् मला ते बरं दिसाया लागलं.”