लिफ्टवाले काका यांची महागाईवरील स्वारी

पुढील पिढ्यांस पैसा राखावा कैसा याचा बोध व्हावा म्हणोन, जैसे घडले तैसे, पदरचे तिखटमीठ न लावितां लिहिले आहे. चित्त देऊन ऐकावे.

लिफ्टवाले काका म्हणजे मातबर असामी. उंच उंच इमारतींच्या लिफ्टा दुरुस्त करण्यात हयात गेली, अधांतरी अडकले जीव किती सोडविले याची गणती नाही. आणि मग वय जाहले म्हणोन कंपनीने फंडाची रक्कम देऊन बाइज्जत रजा दिली. ते द्रव्य ब्यांकेच्या किल्ल्यात सुखरूप ऐसे समजोन काका बेफिकीर होते. तो एके दिवशी वाणसामानास खासा स्वारी निघाली, आणि पेशजी ज्या नोटेत पिशवी भरत असे त्या नोटेत पिशवीचा तळही झाकेना. तेव्हां उमज पडला की महागाई नामे गनीम तट न फोडितां, पहारेकरी न मारितां, आंत शिरोन दौलत पोखरितो. आकडा तितकाच, बरकत नाही. काकांस अन्न गोड लागेना.

मग स्वयंपाकघरांत मसलत बैसली. समोर काकू, इस्पितळाच्या माजी मेट्रन, ज्यांची नजर पडतां थोर थोर डॉक्टर हात धुवावयास पळत. काकांनी अर्ज गुदरला की अवघी पुंजी मोडोन सोने घ्यावे, सोने या गनिमास दाद देत नाही. काकूंनी कांदा चिरणे न थांबवितां फर्माविले:

"आणि उद्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, तर सर्जनला काय सोन्याच्या बिस्किटाचा तुकडा मोडून देणार? भाव पडला म्हणजे? दहातला एक हिस्सा घाला सोन्यात. बाकीचं चार ठिकाणी ठेवा."

काका रुसोन मौन धरोन बैसले. परंतु मौनात चहा मिळेना, म्हणोन तह कबूल केला.

मग उभयतां सराफाच्या दुकानावर चालोन गेली. सराफ बहुत कावेबाज. सोन्याची नाणी मागितली असतां त्याने हार पुढे केला, आणि त्यामागोमाग आरसा. काकूंनी हार गळ्यास लाविला, आणि जो बुरूज काकांच्या तोफांस ढळला नाही तो आरशापुढे डळमळला. काकांनी धीर करोन घडणावळ पुशिली, आणि आकडा ऐकोन म्हणाले, "अगं, विकताना घडणावळ कोणी परत देत नाही. आपल्याला सोनं हवंय, नक्षी नको."

"बरोबर आहे तुमचं," काकू म्हणाल्या, आणि हार झटकन उतरविला. फारच झटकन.

नाणी तोलली, पावती जाहली, डबी मिटली. मोहीम फत्ते. परंतु काका उठेनात. या बाईची हयात रुग्णांच्या खाटांभोवती गेली, अंगावर सोन्याचा डाग ल्याली नाही, हे आजच ध्यानी आले. मग डबी उघडोन म्हणाले, "यातल्या एकाला भोक पाडा, साखळीत घालायचंय."

सराफ चपापला. "काका, विकायला आणाल तेव्हा घट धरावी लागेल."

"विकायला आणतंय कोण?"

"अहो, काहीतरीच तुमचं!" ऐसे वदोन काकूंनी मान पुढे केली.

येणेप्रमाणे गनीम सरहद्दीवर रोखिला. समूळ मेला ऐसे नाही, परंतु आतां काकांस झोप लागते. बाकी नाणी लॉकरात चौकीस बैसली आहेत. एक मात्र चाकरीतून कायमचे सुटले, आणि त्याचा आजचा भाव पुसण्याची छाती अद्याप कोणाची जाहली नाही. विजय दफ्तरी रुजू असे.