मर्व्ह अर्धी बरणी उरला

जाळी काढायचा निर्णय माझा एकट्याचा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण नाहीतरी ग्लेनिस (माझी बायको) ते सगळ्या गावाला सांगतेच आहे.

आमच्या शेजारच्या थेल्माचा नवरा मर्व्ह फेब्रुवारीत गेला. सहा फूट दोन इंच उंच, जत्रेतली लाकूडतोडीची शर्यत चार वेळा जिंकलेला गडी. जायच्या महिनाभर आधी त्याने आपल्या ट्युलिपचे कांदे स्वतःच्या हाताने काढून, पुसून, गोणपाटावर वाळवून ठेवले होते. तेच कांदे थेल्माने एप्रिलअखेर, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धात थंडीच्या तोंडावर, पुढच्या वाफ्यात लावले.

मी तेव्हा शिडीवर होतो. (पन्हाळीतली पानं काढत होतो. पानं फारशी नव्हती, पण शिडीवरून थेल्माचं अंगण छान दिसतं.) थेल्मा गुडघे टेकून बसली होती. एका जुन्या बिस्किटांच्या डब्यातून प्रत्येक खड्ड्यात मूठभर करडी पूड घालत होती, डोळे पुसत होती आणि पुटपुटत होती, "घे रे मर्व्ह. आता नीट फुलू दे."

मी शिडीवरून खाली आलो. मर्व्हचं दहन झालं हे मला माहीत होतं. राख कुठे गेली, हे मात्र कुणाला विचारणं बरं दिसत नव्हतं. (तीन जणांना विचारलं होतं. त्यांनाही माहीत नव्हतं.)

"अगं, ती मर्व्हला पेरतेय!" मी स्वयंपाकघरात धावत जाऊन सांगितलं.

"तू परत शिडीवर चढलास?" ग्लेनिस म्हणाली.

दुसऱ्या दिवशी थेल्मा मोतीबिंदू काढायला लॉन्सेस्टनला, शहरातल्या बहिणीकडे, निघाली. जाताना म्हणाली, "नेव्हिल, आठ दिवस वाफ्याकडे लक्ष ठेव रे. मर्व्हच्या हातचे शेवटचे कांदे आहेत ते. बाकी लक्ष ठेवायचं तुला वेगळं सांगायला नको म्हणा."

तिची बस गेली आणि मी वाफ्यापाशी गेलो. बघतो तर वाफ्यावर कोंबड्यांची जाळी, चारी बाजूंनी दगड ठेवून घट्ट बसवलेली. मला कसंसंच झालं. उभा जन्म रानात कुऱ्हाड चालवलेला माणूस, आणि मेल्यावर खुराड्यात? मी जाळी काढली, गुंडाळून शेडमागे ठेवली, टोपी हातात घेतली आणि म्हणालो, "बाबा रे, मोकळा श्वास घे."

मंगळवारी सकाळी त्याने फारच मोकळा श्वास घेतलेला दिसला. वाफ्यात चौदा खड्डे! कांदे इकडेतिकडे भिरकावलेले. खड्ड्यांतली पूड चाटूनपुसून साफ, कडेला तेवढी थोडी सांडलेली. मी तिथेच ओल्या मातीत बसलो.

वरच्या वळणावर रेग राहतो. जन्मभर मेंढ्या राखल्या, रानातल्या प्रत्येक जनावराची त्याला खडान्‌खडा माहिती. मी सहज गेल्यासारखा गेलो. (मनात संशय डेव्हिलचा, म्हणजे आमच्या रानात रात्री मढी खात फिरणाऱ्या, लहान कुत्र्याएवढ्या काळ्या जनावराचा.)

"रेग, आपल्याकडचा डेव्हिल हाडं खातो का रे?"

"खातो म्हणजे? कातडं, केस, खूर, सगळं. गेल्या वर्षी माझी मेलेली मेंढी त्याने सकाळपर्यंत पुसून टाकली. कानाचा बिल्ला तेवढा ठेवला."

"आणि जाळलेली हाडं? समजा, पूड केलेली?"

रेगने हातातला चहाचा मग खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "नेव्हिल, ग्लेनिस दिसली नाही दोन-तीन दिवसांत. बरी आहे ना ती?"

घरी येऊन मी सूप वाढायचा चमचा आणि जॅमची रिकामी बरणी घेतली. सांडलेला मर्व्ह चमच्या-चमच्याने गोळा केला. कांदे पुन्हा पुरले. (कांद्याचं डोकं कुठलं आणि बूड कुठलं, हे भीतीच्या भरात नीट कळत नाही.) जाळी परत लावायला हात धजेना, कारण आता जे काय आत असेल ते आतच कोंडलं गेलं तर? शेवटी बेत केला की रोज उजाडता उजाडता जाऊन बघायचं. बुधवारी नऊ खड्डे. गुरुवारी अकरा. शुक्रवारी मी जायचंच बंद केलं. कुंपणापाशी उभा राहून डोळे मिटून "आहेस ना रे?" एवढं विचारायचो.

बरणी आमच्या टीव्हीशेजारी. सहा फूट दोन इंचांचा माणूस, आणि आता अर्धी बरणी!

"आवाज कमी कर," ग्लेनिस कुजबुजायची. "आणि तो सामना लावू नकोस. त्याची टीम हरतेय."

तिलाही रडू येत होतं. थेल्मा गेली सव्वीस वर्षं आमची शेजारीण, ग्लेनिसच्या दोन्ही बाळंतपणांत रात्रंदिवस आमच्याकडे. तिला काय सांगायचं? नवरा ठेवायला दिला होतास, तो जनावराने खाल्ला? शनिवारी तर मी बरणीपुढे बसून मर्व्हची क्षमासुद्धा मागितली. जाळीबद्दल मागितली, आणि शिडीबद्दलही. शिडी त्याचीच होती. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारपुरती आणलेली.

रविवारी दुपारी थेल्मा काळा चष्मा लावून आली. मी फाटकातच उभा, एका हातात टोपी, एका हातात बरणी. पाच दिवस पाठ केलेलं सगळं विसरलो.

"थेल्मा," मी म्हणालो, "जेवढा वाचवता आला, तेवढा वाचवला गं."

"कोण?"

"मर्व्ह."

थेल्माने चष्मा वर केला. बरणी घेतली, झाकण उघडलं, नाकाशी नेली.

"नेव्हिल, हे हाडांचं खत आहे."

"हो, म्हणजे हाडांचंच, पण..."

"गाईच्या हाडांचं रे बाबा! दुकानात पोत्याने मिळतं. मर्व्ह कपाटावर आहे, त्याने शर्यतीत जिंकलेल्या कपात. गेल्या आठवड्यात तू साखर मागायला आलास, तेव्हा त्याच्याच खाली उभा होतास."

"पण तू रडत होतीस! त्याच्याशी बोलत होतीस!"

"मोतीबिंदूने डोळ्यांना पाणी येतं. आणि मर्व्हशी मी भांडी घासतानाही बोलते." मग ती वाफ्याकडे वळली. "हे बँडिकूट करतात. लांब नाकाचे, घुशीएवढे. या खताच्या वासावर दरवर्षी येतात, कांद्याला तोंडही लावत नाहीत. म्हणून तर मी जाळी..." ती थांबली. "जाळी कुठाय?"

जाळीचं मी सांगितलं. खुराड्याचं सांगितलं, मोकळ्या श्वासाचं सांगितलं. थेल्मा पायरीवर बसली. मला वाटलं, आता ही खरंच रडणार. ती हसत होती. फेब्रुवारीपासून तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. इतकी हसली की ऑपरेशन झालेल्या डोळ्याला जपावं म्हणून ग्लेनिसला धावत यावं लागलं.

"आणि थेल्मा," धापा टाकत ग्लेनिस म्हणाली, "काल हा तासभर त्या बरणीची माफी मागत होता. जाळीची, शिडीची..."

थेल्मा हसायची थांबली. "कुठली शिडी?"

सप्टेंबरात, थंडी सरल्यावर, मर्व्हचे सगळे ट्युलिप फुलले. (सतरा जरा उशिरा आले. मातीतून वळसा घालून आले असावेत.) पण ते मला आमच्या अंगणातून दिसले नाहीत, फाटकाशी जाऊन बघावे लागले. शिडी त्याच रविवारी परत गेली. आता ती थेल्माच्या बाजूने कुंपणाला टेकलेली असते, आणि रोज सकाळी चहाच्या वेळेला वरून आवाज येतो :

"नेव्हिल, डोळा काय स्वच्छ झालाय रे! कालचा लेंगा आजही तोच का?"