सासूबाईंचा कौल

आईचं दुसरं श्राद्ध आपल्याच घरी घालायचं, असं लुआनने ठरवलं आणि तिथूनच सगळं बिनसलं. (ठरवलं त्याच्या बायकोने, थोआने. लुआनने मान हलवली. पण घरातल्या निर्णयांना नाव पुरुषाचंच लागतं.)

व्हिएतनाममधल्या हायफाँग शहराच्या त्या गल्लीत दोन खानावळी समोरासमोर होत्या. थोरल्या बहिणीच्या, मियनच्या खानावळीवर पाटी होती, ‘आईच्या हातचा खेकड्याचा रस्सा.’ पहिलं श्राद्ध मियनकडे सगळ्यांनी मिळून घातलं. त्यानंतर महिनाभरात लुआनच्या दारावर पाटी लागली, ‘आईच्या हातचा अस्सल खेकड्याचा रस्सा.’ तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद.

शेतातले खेकडे कुटायचे, गाळायचे आणि तो रस्सा तांबूस रुंद शेवयांवर ओतायचा. आईने चाळीस वर्षं तेच विकलं. तिच्या हाताखाली थोआने अकरा वर्षं खेकडे कुटले आणि त्या अकरा वर्षांत सासूच्या तोंडून ‘बरा झालाय’ एवढंसुद्धा निघालं नाही. आज थोआला तेवढंच हवं होतं. सासू गेली म्हणून काय झालं, कौल तर लावता येतो.

नैवेद्य मांडला, उदबत्त्या लावल्या. लुआनने खिशातून गेल्या वर्षीचा आवाहनाचा कागद काढला, घसा साफ केला, आईला नावगावासकट बोलावलं आणि बशीत दोन नाणी टाकली. एक छापा, एक काटा पडला म्हणजे गेलेलं माणूस जेवलं. मगच घरच्यांनी पानावर बसायचं.

दोन्ही छापे पडले. मग दोन्ही काटे. तिसऱ्यांदा पुन्हा छापे.

“तिला नकोय,” मामा म्हणाले. ते सकाळपासून उपाशी होते. “आपण तरी घेऊ या.”

“मीठ कमी पडलं असेल,” थोआ म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. “मी पुन्हा करते.” आणि ती स्वयंपाकघरात गेली. बायकोच्या रडण्याला लुआन भीत असे, पण तिचं हे न रडणं त्याला सोसवेना. तो डबा घेऊन मागच्या दाराने सटकला.

“तू?” मियनने दार उघडलं. “कोण गेलं?”

“कुणी नाही. ताई, वाटीभर रस्सा दे.”

“कशाला?”

“गिऱ्हाईक आलंय.”

“तुझं गिऱ्हाईक, आणि रस्सा माझा? तुमचा तर अस्सल ना?”

“जुनं गिऱ्हाईक आहे गं. फार चोखंदळ.” (हे काही खोटं नव्हतं.)

तिने डबा भरून दिला. “धुऊन आण,” एवढंच म्हणाली.

परत आल्यावर थोआची नवी वाटी लुआनने “दे, मी ठेवतो” म्हणून हातात घेतली, नैवेद्यातल्या केळ्यांच्या घडामागे लपवली आणि ताईच्या रश्शाची वाटी पुढे मांडली. कागद वाचला. नाणी टाकली. एक छापा, एक काटा.

थोआ मटकन खाली बसली आणि ओंजळीत तोंड झाकून रडली. एवढं पुण्य आणि एवढी चोरी लुआनने एका दिवसात कधी केली नव्हती.

पण प्रसादाचा पहिला घोट थोआचाच. चमचा तोंडाशी थांबला.

“हा माझा नाही,” ती हळूच म्हणाली. “हा वन्संचा आहे.”

ती वाटी घेऊन उठली आणि सरळ रस्ता ओलांडून गेली. सगळे दारात जमले. लुआन मामांच्या मागे उभा राहिला.

“वन्सं,” थोआ म्हणाली, “आईंना तुमचाच रस्सा हवाय. मी पाटी उतरवते.”

भांडायला कंबर कसून दारात आलेल्या मियनने कंबरेवरचे हात खाली घेतले. “असं कसं? आई तर सकाळीच माझ्याकडे जेवली. पहिल्याच कौलाला.” ती थोआचा हात धरून समोरच्या घरात शिरली. वर्षभरात प्रथमच. “लुआन, बोलावलंस कसं? वाच.”

लुआनने वाचलं. “...गल्ली सव्वीस, घर चौदा...”

“चौदा माझं घर आहे!”

कागद पहिल्या श्राद्धाचा होता. तेव्हा जेवण मियनकडे होतं.

“म्हणजे आईला माझ्या पत्त्यावर बोलावलंस,” मियन म्हणाली, “आणि पानात वाढलास बायकोचा रस्सा. ती हो कशी म्हणणार? मग माझा वाढलास, ती जेवली.”

थोआने घडामागची वाटी बाहेर काढली. रस्सा निवला होता. मियनने या वेळी लुआनचा पत्ता, घर क्रमांक नऊ, असा खणखणीत सांगून नाणी टाकली. एक छापा, एक काटा.

“निवलेला होता,” थोआ कशीबशी म्हणाली. “तरी?”

“तरी,” मियन म्हणाली आणि तिने भावजयीच्या पाठीवर हात ठेवला.

मामा कधीच जेवायला बसले होते. मियन पुन्हा देव्हाऱ्याकडे वळली. “आई, या गाढवाला माफ करतेस?”

दोन्ही काटे. दोन्ही छापे. पुन्हा दोन्ही काटे.

लुआनने बशीतली नाणी उलटसुलट करून पाहिली.

“ताई,” तो म्हणाला, “पत्ता नीट सांगितलास ना?”