विंझरच्या एक्स-रेवाल्या ताई

आमच्या विंझरमध्ये एक खगोलशास्त्रज्ञ राहतात आणि त्या आकाशाकडे बघत नाहीत. दिवेलागण झाली की वरण-भात जेवतात, खिडक्या लावून घेतात आणि झोपतात. घरात दुर्बीण नाही. तोरण्याला निघालेली पुण्याची पोरं कधी कुणाकडून ऐकून त्यांच्या दारात येतात आणि म्हणतात, "मॅडम, शनी दाखवता का?" ताई दारातूनच सांगतात, "मला ओळखता यायचा नाही, बाळांनो. मोबाईलवर बघा."

दमयंतीताई माझ्या शेजारी. मी इथल्या शाळेत शिकवते. पुण्यातल्या एका संस्थेतून निवृत्त झाल्यावर त्या भावाच्या रिकाम्या घरात राहायला आल्या. एकट्याच. पहिल्या आठवड्यात मी कौतुकाने म्हटलं, "इथली हवा फार छान आहे, ताई."

"हवा आहे हीच तर अडचण आहे," त्या म्हणाल्या.

ताईंचा विषय म्हणजे आकाशातून येणारे क्ष-किरण. ते हवेत अडतात, जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून त्यांची दुर्बीण उपग्रहावर बसून पृथ्वीभोवती फिरते, आणि ती पाठवते ते आकडे ताई पडवीत लॅपटॉपवर बघत बसतात. "हवा आडवी येते" हे त्यांचं पालुपद. एसटी चुकली, नेट गेलं, भाकरी फुगली नाही, तरी कारण तेच.

दुसरं पालुपद, "अधिक-उणे किती?" गाडी दहा मिनिटांत येईल म्हटलं की त्या हे विचारणारच. आता स्टँडवरची मंडळी आपणहून सांगतात, "दहा मिनिटं, ताई. अधिक-उणे एक तास."

तरुणपणी त्यांनी पल्सारचा अभ्यास केला. पल्सार म्हणजे विझलेला तारा. गरगर फिरतो आणि प्रत्येक फेरीला किरणांचा एक झोत आपल्याकडे टाकतो, अगदी ठरल्या वेळी. "घड्याळच ते. घड्याळाशी किती वर्षं बोलणार?" म्हणून ते सोडून त्यांनी एक दीर्घिका धरली. तिच्या मधोमध कृष्णविवर. त्यात पडणारा वायू पडता पडता इतका तापतो की त्यातून क्ष-किरण निघतात. पण ताईंनी हातात घेतल्यावर काही वर्षांत विवरात पडणारा वायू आटला आणि ती दीर्घिका मंदावली. बरोबरीचे लोक दुसऱ्या दीर्घिकांकडे वळले. ताई राहिल्या.

गावाने मात्र 'क्ष-किरण' एवढंच ऐकलं होतं. त्यामुळे वरच्या धनगरवाडीतल्या हिराबाई एका सकाळी सुजलेलं मनगट धरून थेट ताईंच्या पडवीत आल्या. मी तिथेच होते.

"ताई, आत काय मोडलंय का बगा. शेणावरनं पाय घसरला."

"हिराबाई, माझे किरण तिकडून इकडे येतात. मला ते सोडता येत नाहीत."

"मंग येत्यात तवा बगा की. म्या बसते हितं."

ताईंनी लॅपटॉप मिटला, गाडी काढली आणि आम्ही तिघी नसरापूरच्या दवाखान्यात गेलो. एक्स-रेच्या खोलीतल्या मुलाने ताईंना हटकलं, "मावशी, तुम्ही बाहेर थांबा. किरणं असतात." ताई मुकाट्याने बाहेर येऊन बाकावर बसल्या. मला हसू आवरेना.

हाड मोडलं होतं. हाताला प्लास्टर घातलं, पण परतताना हिराबाईंना हाताची काळजी नव्हती. त्यांची म्हैस दुसऱ्या कुणाला आचळाला हात लावू देत नव्हती, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. मालक गेलेले, मुलगा पुण्यात टेम्पोवर.

"दूद तटलं तर कास दुखंल तिची," त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या.

"मी येते," ताई म्हणाल्या.

पहिल्या दिवशी म्हशीने त्यांना बादलीसकट ढकललं. दुसऱ्या दिवशी हिराबाईंनी आपलं लुगडं ताईंना नेसवलं, म्हणजे ओळखीचा वास येईल. म्हशीने बराच वेळ हुंगलं आणि तिसऱ्या दिवशी थोडा पान्हा सोडला. मग ताई रोज दोन वेळा वर जाऊ लागल्या. दूध काढता काढता त्या हिराबाईंना आपल्या दीर्घिकेबद्दल सांगत.

"मंग आता उपाशी हाय व्हय ती?" हिराबाईंनी विचारलं.

"हो. बरीच वर्षं."

"कोन टाकत न्हाई काय तिच्याम्होरं?"

"आपल्या हातात नाही ते."

हिराबाईंना याचं खरंच वाईट वाटलं, असं ताईंनीच मला सांगितलं.

एका संध्याकाळी माझा मोबाईल वाजला. ताईंच्या संस्थेतली त्यांची जुनी विद्यार्थिनी बोलत होती. ताईंचा फोन लागत नव्हता, कारण धनगरवाडीत रेंज नाही. दीर्घिका अचानक उजळली होती. दुर्बीण ताबडतोब तिकडे वळवायची तर अर्ज आजच जायला हवा होता, आणि त्या दीर्घिकेचा मागचा सगळा हिशेब एकट्या ताईंकडे होता.

मी धावतच चढ चढले. गोठ्यात ताई हिराबाईंच्या लुगड्यात उकिडव्या बसल्या होत्या, कपाळ म्हशीच्या पोटाला टेकलेलं.

"ताई, पुण्याहून फोन होता. तुमची दीर्घिका उजळली म्हणे. आत्ताच्या आत्ता अर्ज करायचाय."

त्यांचे हात क्षणभर थांबले. म्हशीने कान हलवला.

"हळू बोल गं," ताई म्हणाल्या. "पान्हा चोरेल ती." आणि हात पुन्हा सुरू झाले. "तिथून निघून त्या किरणांना कोट्यवधी वर्षं झालीत. मी एवढी बादली भरते."

धार संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत. बादली हिराबाईंपाशी ठेवून त्या तशाच, लुगड्यातच, उतारावरून माझ्या पुढे पळत सुटल्या. अर्ज वेळेत गेला. दोन दिवसांनी दुर्बीण वळली, आकडे येऊ लागले. ताई पडवीतून हलेनात. फक्त दोन वेळा धारेला जायच्या तेवढ्याच. त्या आठवड्यात त्यांना देशोदेशीचे फोन आले.

"खाल्लं म्हना की शेवटी," हिराबाई समाधानाने म्हणाल्या.

यथावकाश हिराबाईंचं प्लास्टर निघालं. ताईंनी लुगडं धुतलं, इस्त्री केली आणि पडवीतल्या खुर्चीवर ठेवलं. ते तिथेच राहिलं. आठवडा गेला, मग आणखी एक. दीर्घिकाही पुन्हा मंदावत चालली होती. मी एकदा म्हटलं, "द्या, मी नेऊन देते."

"नको," त्या म्हणाल्या. मग लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाल्या, "एकदा दिलं की वर जायला काही कारण उरत नाही. इतकी वर्षं मी ज्यांच्याकडे बघितलं, त्यांना ते कधी कळलंच नाही, सुमन. ती म्हैस मी आले की मान वळवायची."

पुढे हिराबाईंशी बोलता बोलता मी एवढंच सांगितलं की लुगडं अजून ताईंकडेच आहे, आणि का आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाई ताईंच्या फाटकाशी उभ्या दिसल्या.

"ताई, तुमी लई लळा लावून ठेवलाय बगा. म्हस मला धार काढू देईना. तुमालाच यावं लागंल."

ताई लगबगीने उठल्या. खुर्चीवरचं लुगडं उचललं, चपला घातल्या आणि हिराबाईंच्या पुढेच चालू लागल्या.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. हिराबाईंनी जाता जाता माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. माझ्या गॅसवर त्या सकाळच्याच धारेचं दूध तापत होतं, त्याच म्हशीचं. उजाडताच हिराबाई ते स्वतः घालून गेल्या होत्या.