वाचले व समजले

आमच्या कंपनीच्या नियमावलीतील कलम अकरा असे सांगते की, प्रयोगशाळेच्या वहीतील प्रत्येक पानावर प्रकल्पाबाहेरच्या एका साक्षीदाराने 'वाचले व समजले' असे लिहून तारखेसह सही करावी. शोध कोणी आणि कधी लावला, याचा पेटंटच्या भांडणात हाच पुरावा. हे कलम मी नोकरीच्या पहिल्याच दिवशी सही करून मान्य केले. वाचले मात्र नऊ वर्षांनी, वकीलबाईंच्या समोर बसून.

आम्ही कॉम्प्युटरची मेमरी बनवतो. आमची मेमरी चपळ, पण वीज गेली की सगळे विसरणारी. त्याच इमारतीत, जिन्यापलीकडे, दुसऱ्या कंपनीची प्रयोगशाळा होती. त्यांची मेमरी काहीच विसरत नसे, पण आठवायला इतका वेळ लावी की तोवर विचारणाराच प्रश्न विसरावा. चपळही असेल आणि विसरणारही नाही, अशी मेमरी दोघांनाही हवी होती. दोन्ही कंपन्यांमध्ये विस्तव जात नव्हता. कँटीन मात्र एकच होते.

तिथे मला दाढी भेटला. दाढी म्हणजे त्यांच्याकडचा, माझ्याच हुद्द्यावरचा इंजिनिअर. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही तिघे आणि तिघेही एकाच प्रकल्पावर. बाहेरचा साक्षीदार आणायचा कुठून? दाढीचीही तीच रड. तो तर कंपनीबाहेरचाच होता, म्हणजे याहून निष्पक्ष माणूस मिळणे शक्य नव्हते. मग दर शुक्रवारी चहाबरोबर आम्ही वह्यांची अदलाबदल करू लागलो. गुपित फुटण्याची भीती नव्हती, कारण वाचत कोणीच नव्हते. सात मिनिटांत आठवड्याचे संशोधन उरकत असे.

सहाव्या वर्षी मला एक युक्ती सुचली. मेमरीच्या प्रत्येक कप्प्याभोवती एक पातळ थर द्यायचा, जो वीज गेली तरी आतले जपून ठेवील. पेटंट मिळाले. माझ्या नावाची पितळी पाटी दाराशी लागली. सासऱ्यांनी तिचा फोटो समस्त नातेवाइकांना पाठवला आणि लग्नानंतर प्रथमच मला 'आमचे जावई' म्हटले. खोटे कशाला बोलू, ती पाटी मी येता-जाता रुमालाने पुसत असे.

मग दुसऱ्या कंपनीने दावा लावला. थर त्यांचा, शोध दाढीचा.

वकीलबाईंनी दोन वह्या माझ्यापुढे ठेवल्या. "ही तुमची. थराची आकृती. खाली सही कुणाची?"

"दाढीची."

"आणि ही त्यांची. तीच आकृती, तीन आठवडे आधीची. खाली?"

सही ओळखीची होती. शेवटचा फराटा मी जरा लांब ओढतो.

"म्हणजे त्यांचा शोध तुम्ही तीन आठवडे आधी वाचलात आणि समजून घेतलात?"

"छे हो! मी कुठे वाचलं!"

"असं कोर्टात म्हणालात, तर त्यांनीही तुमची वही वाचली नाही, असं ठरेल. मग आपला पुरावाच गेला. आणि वाचलं म्हणालात, तर तुम्ही चोर."

"मग मी म्हणू काय?"

"शपथ तुम्हाला घ्यायचीय, मला नाही."

इकडे आड, तिकडे विहीर. त्याहून वाईट म्हणजे, वाचले नव्हते हे खरे. पण सही करता करता त्या आकृतीवर नजर पडलीच नव्हती, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येईना. मला लाज वाटली.

घरी बायको म्हणाली, "तू आपल्या लग्नाच्या नोंदणीचा अर्ज तरी वाचला होतास का?"

"तू सही केलीस, म्हणून मी केली."

"मी तुझी बघून केली होती," ती म्हणाली.

कोर्टात मी खरे सांगून टाकले. "वाचलं नाही. नजर गेली असेल, तर आठवत नाही." दाढी उठला. म्हणाला, "मीही नाही वाचलं." न्यायाधीशांनी पेटंट देणाऱ्या अधिकाऱ्याला बोलावले.

"हा अर्ज तुम्ही कसा मंजूर केलात?"

"एकशे वीस पानं होती, साहेब. समास बरोबर सोडलेले होते."

त्या थराचे कार्य समजलेला कोणीही इसम पुढे न आल्याने, तो दोन्ही कंपन्यांच्या समाईक मालकीचा असल्याचा निकाल लागला. माझे पितळ उघडे पडले आणि पाटीही उतरवली गेली. सासरे पुन्हा 'मुलीचा नवरा' म्हणू लागले. कंपन्यांनी हातमिळवणी केली आणि शिक्षा म्हणून मला अन् दाढीला नव्या वाचन विभागात टाकले. जे कोणी वाचत नाही, ते सर्व आम्ही वाचायचे.

पहिलाच कागद म्हणजे नव्या मेमरीचा ग्राहक-करार. पाने एकसष्ट. मी प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून वाचला. सदतिसाव्या पानावर लिहिले होते की, ग्राहक जे जे साठवील ते दोन्ही कंपन्या पाहू शकतील, विकू शकतील आणि ग्राहकाने पुसले तरी जपून ठेवतील. मी नऊ पानी हरकत लिहून संचालकांकडे पाठवली. दहा मिनिटांत परत आली. खाली शेरा होता: वाचले व समजले. करार जसाच्या तसा बाजारात गेला.

"घाबरू नकोस," दाढी म्हणाला. "लोक गप्प बसतील होय? गहजब करतील."

आम्ही दोघे पहिल्या दिवसाच्या नोंदी उघडून गहजबाची वाट पाहत बसलो. चाळीस लाख ग्राहकांनी करार उघडला होता. 'मान्य' या शब्दावर बोट पडायला सरासरी सव्वा सेकंद लागला होता. इतकी चपळ आमची मेमरीही नाही. त्यात तुमचीही नोंद सापडली. तुम्ही निदान पान थोडे खाली सरकवले होते, 'मान्य' कुठे आहे ते शोधायला.